डावे की उजवे?

बोट चेंगरलं धाकट्यांचं, आणि दुखायला लागलं थोरल्यांच्या पोटात.

थोरले आणि धाकटे एकमेकांचे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि हे दोघं पुस्तकबांधणीच्या एकाच कारखान्यात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून पुस्तकं शिवत. सासरी पडलेली नावं कारखान्यातही चिकटली होती. दोन महिन्यांपूर्वी पुस्तकं दाबायच्या लोखंडी यंत्रात धाकट्यांच्या उजव्या हाताचं बोट सापडलं. कामगार कचेरीत अर्ज केला, आणि परवा त्यांना चांगली घसघशीत भरपाई मिळाली.

"मिळू दे की. बोट गेलं बिचाऱ्यांचं," थोरल्यांची बायको म्हणाली.

"गेलं कुठे? आहे जागेवर. जरा तिरकं झालंय, एवढंच."

"आई म्हणत होती, एवढं लागलं पण धाकट्यांनी हूं की चूं केलं नाही. तुम्ही तर टाचणी टोचली तरी घर डोक्यावर घेता."

सासूबाईंचं मत ऐकलं की थोरल्यांची जेवणावरची वासनाच उडायची. धाकट्यांच्या लग्नात त्या एका पाहुणीला सांगत होत्या, "थोरले बरे आहेत हो, पण धाकटे जावई जरा उजवेच." थोरल्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली. दुसरा कुणी केव्हाच विसरला असता, पण थोरले जन्माचे डावखुरे. शाळेत मास्तरांनी पेन्सिल बळजबरीने उजव्या हातात कोंबली म्हणून लिहायचे तेवढं उजव्याने. बाकी सुई, कात्री, हातोडी, सगळं डाव्याने. 'डावा' ह्या शब्दाने त्यांना लहानपणापासून इतकं छळलं होतं की रस्त्यात कुणी "डावीकडे वळा" म्हणालं तरी त्यांना तो टोमणा वाटायचा.

आणि आता तर धाकट्यांचा थाट बघवत नव्हता. सासूबाई त्यांच्याकडे मुक्कामाला येऊन राहिल्या होत्या. कारखान्यात त्यांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली होती. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "बोट कसं आहे?" थोरल्यांची दहाही बोटं धडधाकट होती, पण त्यांच्याबद्दल आजवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

एक दिवस मालक म्हणाले, "थोरले, तुम्ही जुने. ते यंत्र कसं वापरायचं ते सगळ्यांना एकदा दाखवा. पुन्हा अपघात नको."

थोरल्यांना तेच हवं होतं. सगळा कारखाना भोवती गोळा झाला, धाकटेही खुर्चीतून उठून आले.

"नीट बघा," थोरले म्हणाले. "शहाणा माणूस बोट इथे, बाहेर ठेवतो. आणि काही काही लोक कुठे ठेवतात?" त्यांनी डाव्या हाताचं बोट आत सारलं, धाकट्यांकडे एक नजर टाकली आणि उजव्या हाताने चाक फिरवलं. "तर असं!"

पुढची आरोळी मागच्या गल्लीपर्यंत गेली.

"हे बोट पूर्वीसारखं वाकणार नाही," डॉक्टर पट्टी बांधताना म्हणाले.

"धाकट्यांचं किती वाकतं?" थोरल्यांनी कण्हत कण्हत विचारलं.

सासूबाई भेटायला आल्या, पण तासाभरासाठी. जाताना म्हणाल्या, "जपा हो. धाकट्यांचं निदान काम करताना झालं." थोरल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं की भरपाई घ्यायची, आणि ती धाकट्यांपेक्षा कवडीने का होईना जास्त घ्यायची. त्यांनी रीतसर वकीलबाई गाठल्या, अर्ज केला आणि सुनावणीची तारीख मिळवली.

त्या तारखेला वकीलबाई दुसऱ्या कामात अडकल्या होत्या. कचेरीची माहिती असलेले म्हणून धाकटे सोबत आले, आणि तिथेच सगळं फिसकटलं. दारातच कारकुनाने धाकट्यांना हसून नमस्कार केला, "या या! बोट कसं आहे?" पट्टी थोरल्यांच्या बोटाला होती. आत साहेब म्हणाले, "हे तुमचे साडू का? फार सज्जन गृहस्थ!" थोरले आतून धुमसत उभे राहिले. साहेबांनी फॉर्म ओढला, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "डावे की उजवे?"

"उजवा!" थोरले कडाडले. "यांच्यापेक्षा तर केव्हाही उजवा! घरी कुणी काहीही म्हणो!"

साहेबांनी 'उजवे' लिहिलं. थोरल्यांनी खाली उजव्या हाताने झोकात सही केली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'अर्जदार उजवे असल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले असून इजा डाव्या हातास आहे. सबब कामाच्या हातास इजा झाल्याचे दिसून येत नाही.' म्हणजे भरपाई धाकट्यांच्या निम्मीसुद्धा नव्हती.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांनी हात विचारला होता!"

"मला वाटलं, आमच्या दोघांत कोण ते विचारतायत."

"कामगार कचेरी ते कशाला विचारेल?"

"सासरी विचारतात," थोरले पुटपुटले.

"बरं, अजून दुरुस्ती होईल. तुम्ही डाव्या हाताने काम करता हे रोज पाहणारा एक साक्षीदार आणा. मालक तुमच्या बाजूने बोलायचे नाहीत. टेबलाशी समोर कोण बसतं?"

समोर अठरा वर्षं एकच माणूस बसत होता.

संध्याकाळी ते धाकट्यांच्या घरी गेले. सासूबाई आतल्या खोलीत होत्या, म्हणून थोरल्यांनी आवाज खाली आणला. "एक काम होतं. तुम्ही मला डावा म्हणा."

धाकटे उभेच राहिले. "दादा! असं कसं म्हणेन? माझं काही चुकलं का?"

"रागावून नाही हो. साहेबांसमोर म्हणायचं."

"चारचौघांत? छे, छे!"

"अहो, मीच सांगतोय ना! म्हणा, डावा!"

"डा..." धाकट्यांच्या तोंडून शब्द निघेना. चहा दोनदा गार झाल्यावर कुठे ते, कशासाठी ते न विचारताच, कबूल झाले. असल्या सज्जनपणाने थोरले आणखीच जळले. आपण जन्मभर ज्या शब्दापासून पळालो तो ह्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचा, आणि वर त्याचे आभार मानायचे! त्या रात्री त्यांना घास गोड लागला नाही.

सुनावणीच्या दिवशी वकीलबाई हजर होत्या. कारकुनाने धाकट्यांना शपथ दिली. साहेबांनी पत्र पुढे घेतलं आणि विचारलं, "तुम्ही अर्जदारांना अठरा वर्षं काम करताना पाहताय. सांगा, हे डावे की उजवे?"

धाकट्यांनी तोंड उघडलं. मग थोरल्यांच्या पट्टीकडे पाहिलं आणि साहेबांपुढे हात जोडले.

"साहेब, आताच शपथ घेतलीय. खोटं कसं बोलू? दादा कसले डावे! शिलाईत यांच्यापुढे मीच डावा. मालक माझी म्हणून जी पुस्तकं गिऱ्हाइकांना दाखवतात ना, त्यातली निम्मी यांनी उसवून पुन्हा शिवलेली असतात. मी कधी बोललो नाही. सासूबाई कौतुक करायच्या, मला आयतं मिळत होतं. पण आज सांगतो, माझ्यापेक्षा हे केव्हाही उजवे!"

"हाताचं विचारतायत, हाताचं!" वकीलबाई ओरडल्या.

"हाताचंच सांगतोय बाई. असा हात शोधून सापडायचा नाही."

साहेबांनी लेखणी टेकवली. "म्हणजे उजवेच. अर्जदारांना काही सांगायचंय?"

वकीलबाईंनी थोरल्यांना कोपराने ढोसलं. एका वाक्याचं काम होतं. मी डावखुरा आहे, सुई द्या, आत्ता दाखवतो, एवढं म्हटलं असतं तरी धाकट्यांएवढी भरपाई पदरात पडली असती. थोरले उठले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण ताणलं गेलं.

"साहेब," ते म्हणाले, "साक्षीदार बोलले ते अक्षरन् अक्षर खरं आहे. काना-मात्रेचाही बदल नको."

वकीलबाईंनी फाईल मिटली आणि त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या. थोरले कारकुनाच्या टेबलाशी गेले.

"ह्या साक्षीची नक्कल मिळेल का? सही-शिक्क्यानिशी."

"मिळेल की. अपील करताय?"

"छे हो! सासरी न्यायचीय," थोरले म्हणाले. "शिक्का तेवढा ठळक मारा. सासूबाईंना हल्ली कमी दिसतं."