आमच्या शेजारचे विचाराधीन आबा

भरिताच्या पार्टीला स्वतःचा डबा घेऊन येणारा माणूस अख्ख्या जळगावात एकच, आमच्या शेजारचे आबा. या हिवाळ्यात आमच्या मळ्यात कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजली, पुऱ्या तळल्या आणि हे गृहस्थ बांधावर आमच्याकडे पाठ करून गार पोळी चावत बसले. बायकोने आग्रह केला, तर म्हणाले, "सूनबाई, प्रकरण विचाराधीन आहे."

आबा निवृत्त न्यायाधीश, आता सरकारी नेमणुकीवर. पोलिसावर तक्रार झाली आणि वरच्या साहेबांनी 'खटला भरायचा नाही' असं ठरवलं, की ते ठरवणं बरोबर होतं का, हे आबा तपासतात. फाईल हातात असली की कुणाकडचं पाणीसुद्धा घेत नाहीत. न जाणो, कुणाचा मेहुणा फौजदार निघायचा! मी म्हटलं, माझ्याकडे कोण आहे फौजदार? तर असं पाहिलं माझ्याकडे, की मलाच माझ्या मेहुण्यांचा संशय आला. भाजीवाल्याने मेथी देऊ का विचारलं, तरी उत्तर तेच. वैताग नुसता.

या वेळची फाईल दोंडाईचाकडच्या एका पोराची होती. कोठडीतल्या मारहाणीत त्याचा उजवा हात कायमचा गेला होता. पुरावा नाही, फौजदारावर खटला नको, असं साहेबांनी ठरवलेलं. आबांनी मान डोलावली असती, तर विषय तिथंच संपला असता.

एका सकाळी त्या पोराची आई आबांच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "बठ्ठा म्हनतस पुरावा नही शे. मना पोऱ्याना हातच पुरावा शे ना, आबा? आखो काय दखाडू?"

सगळेच पुरावा नाही म्हणतात, तर आणखी काय दाखवणार ती? आबांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं आणि दार लावून घेतलं. असा संताप आला मला! कंपाउंडवरूनच ओरडलो, माणूस आहात का दगड? मग तिला आमच्याकडे चहा पाजला, माझा नंबर दिला आणि बसस्टँडवर सोडून आलो.

पुढच्याच आठवड्यात एक जीप येऊ लागली. साध्या कपड्यातले दोघं आबांच्या फाटकासमोर तासन्‌तास थांबायचे. गल्लीतल्या पोरांचं क्रिकेट बंद झालं, बायका दारातून आत गेल्या. एकदा त्यातल्या एकाने अगदी गोड आवाजात विचारलं, "आबा, एकटेच राहता ना?"

"तेही विचाराधीन आहे," आबा म्हणाले आणि जास्वंदीला पाणी घालत राहिले. म्हातारा भलताच धीट, असं मी बायकोला कौतुकाने सांगितलं.

काल निर्णय लागला. साहेबांचं चुकलं, फौजदारावर खटला भरा, असं आबांनी लिहिलं होतं. त्या माउलीचा फोन आला, पण रडण्यापुढे तिला धड बोलताच येईना. आबांना दगड म्हटलेलं माझ्याच मनाला लागून राहिलं होतं. संध्याकाळी पेढे घेऊन निघालो, तर आबाच आमच्या दारात उभे. जीप त्यांच्या फाटकासमोर होतीच.

म्हटलं, आबा, सुटलात की! आता कसली काळजी?

ते जीपकडे न बघता हळूच म्हणाले, "मला फार भीती वाटते रे. रोजच वाटायची, पण सांगणार कुणाला? आज माझ्याकडे झोपायला येशील का?"

उशी काखेत मारली आणि त्यांचा हात धरून जीपच्या पुढूनच निघालो.