थाळी सुभेदार

पहाट फुटली की आमचे शेजारी सुभेदार बाजीराव कानटोपी घालून ओढ्याकाठच्या वावरात पळत सुटतात. तिथं रात्रभर पालथी ठेवलेली पितळी थाळी असते. तिच्या बुडावर बोट फिरवायचं आणि पांढरं लागलं की अख्ख्या आळीला वर्दी द्यायची, "आज न्हाई."

आमचं गाव महाबळेश्वरच्या बाजूला. थंडीत दव गोठतं, कोवळा वेल एका पहाटेत करपतो. उशीर करावा, तर फळ धरायच्या आत पाऊस कोसळतो. मधल्या दिवसांत सुभेदारांना भोपळा पिकवायचा असतो, आटपाडीला दिलेल्या थोरल्या बहिणीसाठी. तोही माहेरच्या मातीतलाच. सगळं गाव स्ट्रॉबेरी लावतं. हे भोपळ्यासाठी पहारा देतात. 'थाळी सुभेदार' हे नाव मीच पाडलं. ते पुसून जावं म्हणून हे लिहितोय.

यंदा पौषातच थाळीवर नुसतं पाणी लागू लागलं. मी रोज टोचायचो, "सुभेदार, थंडी कवाच गेली. आता काय दिल्लीहून हुकूम यायचाय?"

"अण्णा, थंडी लय लबाड. गेली म्हणून पाठ फिरवली की मागनं येती." हे त्यांचं फौजेतलं, लडाखचं शहाणपण. पण माझ्या टोचण्याला कंटाळून त्यांनी बी टोकलं. रोपं दोन पानांवर आली आणि एका पहाटे सगळी काळी पडली. सुभेदारांनी करपलेली रोपं उपटली. उरलेलं बी काढून ठेवलं, पुन्हा थाळी मांडली.

मग मीही त्यांच्या मागं पळू लागलो. बोटाला पांढरं लागायचं थांबलं, बी पडलं, वेल धावला. ज्येष्ठाचे ढग जमले तसा आमचा जीव खालीवर. पहिल्या सरीआधी एकच भोपळा हाती आला, नारळाएवढा. तो मांडीवर घेऊन सुभेदार एसटीत बसले, शेजारी मी.

आटपाडीत सुभेदारांच्या आक्का घरात एकट्याच. चुलीपाशी तिकडचाच एक भलामोठा भोपळा धूळ खात पडलेला. आमच्याकडं बाईमाणूस अख्ख्या भोपळ्याला पहिली चीर देत नाही. ती पुरुषानं द्यायची. मी विचारलं, शेजारचं कुणी कापून देत नाही का?

"देत्यात की," आक्का म्हणाल्या. "मीच नगं म्हनते. कापल्यावर बाजा कशाला यील?"

सुभेदारांनी विळी ओढली, मोठा भोपळा चिरला. आपला नारळाएवढा मात्र फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला.

"ह्यो ऱ्हाऊ दे, आक्का. पुढल्या खेपेला कापू."