शेळकेची बिनरेघांची स्क्रिप्ट

आमचा ज्ञानेश्वर शेळके जेवायला बसला की झाकण काढण्याआधी डब्याचं वर्णन करतो. "डबा. डब्याच्या पोटात वरचा खण. खणाच्या पोटात ठेचा." उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नवा आलेला माणूस हे ऐकून घाबरतो. आम्हाला मात्र इतकी सवय झालीय की शेळके रजेवर असला तर आम्हीच ते म्हणून जेवतो.

त्यानं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, तीही तशीच. प्रोजेक्टच्या कुठल्या फोल्डरात काय आहे ते ती मजकुरात लिहून दाखवते. अशा स्क्रिप्टा पुष्कळ आहेत, पण त्या रेघा ओढून फांद्याबिंद्या काढतात. शेळकेची सरळ वाक्यं लिहिते, अमक्याच्या पोटात तमकं. साहेब सांगून थकले की बाबा, दोन रेघा मार, गिऱ्हाइकाला देखणं वाटेल. हा ढिम्म. "कळलं म्हंजे झालं की, सर," एवढंच.

मध्यंतरी त्याची धाकटी बहीण सुनंदा शेंद्र्याहून त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून आमच्याकडे नोकरीची परीक्षा द्यायला आली. तिला जन्मापासून दिसत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. शेळके कधी बोललाच नव्हता. स्क्रीनवरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवतो. आमचा एक बंद पडलेला प्रोग्राम तिनं एकटीनं दुरुस्त करायचा, जमलं तर नोकरी.

साहेबांनी तिला फोल्डरांचा रेघावाला नकाशा दिला. कॉम्प्युटर "उभी रेघ, उभी रेघ, आडवी रेघ" असा जप करत बसला. बोलायची मनाई असलेला शेळके खिडकीकडे तोंड करून उभा. जरा वेळानं सुनंदानं भावाची स्क्रिप्ट लावून मागितली. वाक्यं सुरू झाली तशी ती मान हलवत ऐकू लागली आणि मधेच थांबली.

"'फायनल'च्या पोटात 'खरं फायनल' कुणी ठेवलंय? नवी फाइल त्यात दडलीय, म्हणून जुनीच चालायलीय."

फाइल जागेवर गेली, प्रोग्राम चालू झाला. साहेबांनी तिला सोमवारपासून यायला सांगितलं आणि मग विचारलं, असला कारभार केला कुणी?

शेळके खिडकीपासून वळला. डोळे लाल झाले होते.

"म्या केला, सर. चूक माझी हाय. माझ्या बहिणीनं धरली."

चूक कबूल करताना एवढी ताठ मान मी कुणाची पाहिलेली नाही. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.