चार वर्षं कळंब्यात

"पहिल्याच दिवशी अख्खं ऑफिस खिशात घालतो की नाही बघा!" असं मामीला बजावून, केसांना पाणी लावून, भांग पाडून आदर्श नोकरीवर रुजू व्हायला निघाला. साल नव्व्याण्णव. नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका पंपाच्या कारखान्यात, ज्युनिअर क्लार्कची. आणि ओळख करून द्यायचं भाषण आरशासमोर घोटून घोटून इतकं गुळगुळीत झालेलं, की जिभेवरून घसरायचीच भीती!

त्यातून एकच गोष्ट त्यानं मुद्दाम गाळली होती. गाव. आदर्श मूळचा चंदगडकडचा, पार डोंगरातला. कॉलेजात हे सांगितलं, तेव्हा पोरं विचारायची, "तिकडं लाईट आली का रं?" नंतर त्याला कुणी नावानं हाकच मारली नाही. नव्या ठिकाणी ते नको! चार वर्षं तो कळंब्याला आकाराममामांकडं राहत होता, तेवढंच सांगायचं. कळंबा म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर तळं यायचं. उरलेल्या कोल्हापूरच्या डोळ्यांसमोर तिथला तुरुंग येतो, हे बिचाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही!

मॅनेजर हंबीररावांनी सगळ्यांना गोळा केलं. "हां पावणं, सांगा दोन शब्द."

आदर्शनं घसा खाकरला. "नमस्कार. मी आदर्श. गेली चार वर्षं मी कळंब्यात होतो."

चहाचा ट्रे घेऊन आलेला गुंडू शिपाई दारातच थिजला.

"गावाकडं परिस्थिती अशी झाली, की दुसरा इलाजच राहिला नाही. मग मामा आले आणि मला घेऊन गेले."

"मामा म्हंजे पोलीस," हेडक्लार्क बाळासो शेजारच्या प्रीतीच्या कानात पुटपुटले.

"सुरुवातीला जड गेलं. एका खोलीत सहा जण! पण मग रमलो. बी.कॉम.सुद्धा तिथंच राहून केलं. आता बाहेर काहीतरी करून दाखवायचंय. मला आपलं माना!"

टाळी एकही वाजली नाही. टायपिस्ट प्रीतीनं टेबलावरची कात्री हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली.

"आम्ही मागचं काढत न्हाय," हंबीरराव घाम पुसत म्हणाले. "मालकांनी परस्पर घेतलंय, म्हंजे इचार करूनच घेतलं असंल."

बाळासोंनी फॅनखालची स्वतःची खुर्ची पुढं केली. "बसा! हितं वारं चांगलं येतंय."

"तुमची खुर्ची कशाला?"

"बसा म्हणतोय न्हवं!" बाळासोंचा आवाज चिरकला.

थोड्या वेळानं आदर्शच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. "ब्लेड आहे का कुणाकडं?" त्यानं विचारलं, आणि सगळं ऑफिस उभं राहिलं! गुंडूनं पेन्सिल पळवली, बाहेरून टोक काढून आणली आणि पिसाळलेल्या कुत्र्यापुढं भाकरी टाकावी तशी लांबूनच टेबलावर टाकली.

जेवायला कुणी बोलावलं नाही. शेवटी डबा घेऊन तो आपणच आतल्या खोलीत गेला. गप्पा गपकन थांबल्या. बाळासोंनी आपली सगळी अंडाकरी त्याच्यापुढं सारली. "खावा. आत कुठलं मिळणार!"

'आत' म्हणजे मामांच्या घरात, असं आदर्शला वाटलं. "मिळतं की! बुधवारी आणि रविवारी."

"सुधारलंय म्हणायचं," प्रीती म्हणाली आणि उठली. बघता बघता खोलीत आदर्श उरला आणि भोवती सगळ्यांचे अर्धवट खाल्लेले डबे. गाव लपवलं, बोलणं शुद्ध ठेवलं, तरी ही माणसं आपल्याला एवढी का टाळतात? आपल्यातच काहीतरी कमी असणार! अंडाकरी समोर ठेवून तो रडायच्या बेताला आला.

संध्याकाळी आकाराममामा ड्यूटी संपवून स्कूटरवरून त्याला न्यायला आले. मामा एस्टीत कंडक्टर. अंगावर खाकी! ती बघून हंबीररावांनी कडक सलामच ठोकला.

"काय सायेब, पोरगं नीट वागतंय न्हवं?" मामांनी दणक्यात विचारलं. "काय चुकलं-माकलं तर एक फोन करा. परत घिऊन जातो!"

"छे छे, लई गुणी हाय!"

बाळासोंना मात्र राहवेना. ते मामांच्या कानाशी लागले. "मामा, ह्यानं मारलं कुणाला, जेलात जायला?"

"मारलं? कुणी?" मामांचा आवाज एस्टी स्टँडवर घडलेला; सगळा कारखाना गोळा झाला. "अवो, सख्खा भाचा हाय माझा! आणि जेल कसलं? कळंब्याच्या तळ्याकडंला घर हाय माझं!"

आदर्शच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. घोटलेली शुद्ध भाषा क्षणात उडाली. "मी जेलात न्हवतो वो! मी चंदगडचा हाय! शिकायला मामाकडं आलतो!"

कुणी हसलंसुद्धा नाही.

"म्हंजे कुणाला मारलंच न्हाय?" बाळासोंनी विचारलं.

"न्हाय."

"एकाला बी?"

"न्हाय वो!"

"आणि मी अंडाकरी दिली!" बाळासो मटकन खाली बसले.

हंबीररावांनी कपाळाला हात लावला. "पावणं, घोटाळा झाला की! शेजारच्या कारखान्याचा ट्रक रोज आपल्या गेटम्होरं आडवा लागतोय. सांगून दमलो. आज दुपारी निरोप धाडला, आमच्यात कळंब्यासनं माणूस आलाय. तर ट्रक हलला!"

"मग?" आदर्शनं क्षीण आवाजात विचारलं.

"मग काय! भाईर कुणाला खरं सांगू नका. उद्यापासनं सकाळच्याला गेटवर जरा उभं ऱ्हावा. मिशा वाढवा."

"आणि तेवढं हसायचं कमी करा," प्रीती म्हणाली.

आदर्शला तसंही हसू येत नव्हतं.