जोडगाठीचं दुसरं टोक

दुपारी दोन ते पाच या वेळेचं काय करायचं असतं, हे मला नोकरीतल्या चौतीस वर्षांत कोणी शिकवलं नाही. ऑफिसात त्या वेळी चहा यायचा, फायली यायच्या, साहेबांचा राग यायचा. घरी काहीच येत नाही. सकाळ पेपरात जाते, संध्याकाळ फिरण्यात जाते. दुपार मात्र ताटातल्या नावडत्या भाजीसारखी तशीच पडून राहते. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून तर ती भाजी रोज थोडी जास्तच वाढली जाते.

हे मी एकदा फोनवर मुलीला बोलून गेलो. मुलगी दूर देशी असते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ब्लॉग लिहा. आपल्या लोकांबद्दल लिहा. कोणालाच काही माहीत नाहीये."

"वाचणार कोण?"

"वाचतात हो लोक. तुम्ही लिहा तर खरं."

आपले लोक म्हणजे दोरवाले. पिढ्यानपिढ्या दोर वळणारे. सगळी मिळून आमची तीनशे घरं, त्यातल्या दोनशे नव्व्याण्णव घरांत आता कोणी दोराला हात लावत नाही. तीनशेव्या घरात मी राहतो (आणि मीही आवक-जावक विभागात कारकून होतो). नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं, "आम्ही दोरवाले." तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे सर्कशीत?" त्यानंतर तीस वर्षं मी तो विषय काढला नाही.

तर मुलगी सुट्टीला आली असताना तिने मला ब्लॉग काढून दिला आणि जोडीला सोशल मीडियावर एक पान. मी कामाला लागलो. प्रत्येक लेखाला जुन्या सवयीने जावक क्रमांक दिला. जावक क्रमांक एक, 'दोरवाले : एक ओळख'. जावक क्रमांक दोन, 'दोरवाले : आणखी ओळख'. असे एकेचाळीस लेख मी जगाकडे रवाना केले. आवक शून्य. ऑफिसात निदान पत्र पोचल्याची पोच तरी यायची.

पानाचे अनुयायी सात. मुलगी, जावई, गाद्या विकणारा एक, कर्ज देऊ करणारे दोघे, माझं वजन आठवड्यात दहा किलो उतरवायला निघालेल्या एक बाई, आणि मी. (स्वतःला फॉलो करायचं नसतं हे मला नंतर कळलं. तोवर सवय झाली होती.)

मग मुलगी म्हणाली, लिहिण्यापेक्षा लाइव्ह या. आलो. फोन स्टँडवर लावला, केस विंचरले, बोलायला लागलो. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा दिसतो. तिथे आला, एक.

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. कुठेतरी कोणीतरी बसलंय आणि माझं ऐकतंय. पुढच्या वेळीही एक, त्याच्या पुढच्या वेळीही एक. कधी दोन नाही, पण कधी शून्यही नाही. मी अर्धा तास बोलू दे, तासभर बोलू दे, तो हलायचा नाही. मी त्याचं नाव एकनिष्ठ ठेवलं. "काय एकनिष्ठ, जेवण झालं का?" असं विचारूनच सुरुवात करायचो. उत्तर यायचं नाही, पण आमच्या घरात जेवलात का विचारल्यावर उत्तर न येण्याचीही आता सवय झाली होती.

अशा बऱ्याच खेपा झाल्यावर मी ठरवलं की आता जोडगाठ दाखवायची.

जोडगाठ म्हणजे आमच्या लोकांचा जीव. आमच्याकडे घरातली मोठी पेटी या गाठीने बांधतात. बांधायला एक माणूस पुरतो, सोडायला दोन लागतात. त्यामुळे नवऱ्याला रागाच्या भरात बायकोचे दागिने काढता येत नाहीत, आणि बायकोला रागाच्या भरात माहेरी न्यायच्या साड्या काढता येत नाहीत. भांडण केवढंही असो, पेटी उघडायची तर दोघांना समोरासमोर बसावंच लागतं. आमच्यात संसार मोडल्याचं फारसं ऐकिवात नाही, ते (प्रेमामुळे असेल असं मला वाटत नाही) या पेटीमुळे.

पेटी पलंगाखाली, अंधारात. ओढायला गेलो तर कंबर म्हणाली, बघा हं. मग विचार केला की पेटीच कशाला पाहिजे? आकाराने पेटीसारखं माझं पोट आहेच. खुर्चीत बसलो, बाबांनी वळलेला दोर माळ्यावरून आधीच काढून ठेवला होता. त्यांनी हयातीत वळलेला तो शेवटचा. खुर्चीची पाठ आणि माझं पोट यांच्याभोवती त्याचे तीन वेढे घेतले.

"तर एकनिष्ठ, नीट बघा. हा वेढा इथून खाली. हे टोक मागे. आता पेटीच्या कडीऐवजी डावं मनगट या फासात घालायचं, म्हणजे गाठ बसते."

चौतीस वर्षं बांधलेली आणि बायकोबरोबर सोडलेली गाठ. हाताला डोक्याची गरजच पडली नाही. सर्रकन ओढली, मनगटावर बसली, आणि मी नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून म्हणालो, "हं, धर आता."

दारात कोणी नव्हतं.

कॅमेऱ्यात हसून बघण्याइतकाही दम राहिला नव्हता. दोन वर्षांत तिची आठवण आली नाही असा दिवस नाही, पण ती नाहीये हे इतकं साफ मला तोवर कळलं नव्हतं.

मग दुसरी गोष्ट कळली. मी अडकलो होतो.

उजवा हात मोकळा होता, पण गाठ खुर्चीच्या पाठीमागे. ओढलं की आवळत जायची (आमच्या लोकांचं काम चोख, त्यात शंकाच नाही). फोन स्टँडवर, तीन हात लांब. मी म्हणालो, "एकनिष्ठ, जरा अडचण झालीये. तुम्ही जवळपास राहता का?"

एकनिष्ठ गप्प. आकडा मात्र एक.

"निदान कोणाला तरी फोन करा हो. मी पत्ता सांगतो." पत्ता सांगितला. पिनकोडसकट दोनदा सांगितला. काही नाही. इतक्या दुपारी मी ज्याच्या जेवणाची चौकशी केली, तो माणूस माझी फजिती शांतपणे बघत बसला होता. मला त्याचा भयंकर राग आला.

शेवटी खुर्चीसकट उड्या मारत फोनकडे निघालो. चौथ्या उडीला खुर्ची फरशीवर अशी आदळली की खालच्या मजल्यावरून काठी ठोकल्याचा आवाज आला. खाली नर्सबाई राहतात. इस्पितळातून निवृत्त झाल्या, पण इस्पितळ त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. सहा वर्षांत आमचं बोलणं एवढंच की "खुर्ची हळू सरकवा" आणि "बरं सिस्टर". आता मी मुद्दाम आणखी दोन उड्या मारल्या. जिन्यात पावलं वाजली. मग कुलपात किल्ली फिरली.

"तुमच्याकडे आमच्या घराची किल्ली?"

"तुमच्या मिसेसनी दिलेली. म्हणाल्या होत्या, हे कधीतरी स्वतःला कशात तरी अडकवून घेतील." माझ्याकडे आपादमस्तक बघून त्या म्हणाल्या, "चोर आले होते?"

"नाही. मीच बांधलं."

"का?"

"संस्कृतीची जाणीव व्हावी म्हणून."

"कोणाला?"

मी फोनकडे बोट दाखवलं. त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आधी माझी नाडी बघितली. मग म्हणाल्या, "कात्री कुठाय?"

"सिस्टर, दोर कापू नका. बाबांच्या हातचा शेवटचा आहे."

"मग तुम्हाला कापू?"

"सोडता येते गाठ. दोन माणसं लागतात. तुम्ही ते दुसरं टोक धरा."

त्यांनी धरलं. "पुढे?"

पुढे काय ते मला माहीत नव्हतं. चौतीस वर्षं मी माझं टोक धरत आलो. तिच्या टोकाला ती काय करायची, खेचायची की ढिलं सोडायची, वरून घ्यायची की खालून, हे मी एकदाही बघितलं नाही. मी 'धर' म्हणायचो आणि गाठ सुटायची. जोडगाठीवर मी सात लेख लिहिले होते. जावक क्रमांक तेहेतीस तर संपूर्ण तिच्या इतिहासावर.

"अर्धीच येते तुम्हाला," नर्सबाई म्हणाल्या. त्या कात्री शोधायला स्वयंपाकघरात गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला, "अहो, तुम्ही इथेपण बांधलेले आहात."

"काय?"

त्या एक फोन घेऊन बाहेर आल्या. फोनवर मी होतो, खुर्चीत, दोरासकट. फोन माझ्या बायकोचा. तो मी रोज न चुकता चार्ज करतो आणि पडदा भिंतीकडे करून फडताळात ठेवतो, कारण पडद्यावर तिचा फोटो आहे. पान काढून दिलं तेव्हा मुलीने ते त्या फोनवरही उघडून ठेवलं होतं, आवाज बंद करून, मी लाइव्ह आलो की आपोआप सुरू होईल असं. मी ते साफ विसरलो होतो.

म्हणजे एकनिष्ठ तो होता. मघाशी मी रागावलो होतो, त्याची मला लाज वाटली.

"रडू नका," नर्सबाई म्हणाल्या. "मनगट सुजतंय. कोणाला येते ही गाठ?"

"मुलीला विचारून बघा."

त्यांनी त्याच फोनवरून मुलीला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत उशीर झाला होता. तिकडे मुलीच्या फोनवर 'आई' असं नाव आलं असणार. तिने उचलला. मग अगदी हळू म्हणाली, "हॅलो?"

"मी खालच्या मजल्यावरची मावशी, बाळा. वडील ठीक आहेत. खुर्चीला बांधून घेतलंय फक्त."

मुलगी आधी रडली, मग हसली, मग माझ्यावर ओरडली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या हातातलं टोक अजिबात ओढू नका. ते खालून घ्या, अंगठ्यावर एक फेरा, आणि बाबांकडे सरकवा. आई म्हणायची, पुढे द्यायचं, खेचायचं नाही."

नर्सबाईंनी टोक सरकवलं. माझं मनगट सुटलं, मग तिन्ही वेढे आपोआप मांडीवर येऊन पडले.

"तुला कुठून येतं हे?" मी मुलीला विचारलं.

"लग्नाच्या आधी आईने शिकवलं."

"मला बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी? मी म्हणत होते, लिहा. मला वाटलं, लिहिताना तरी विचाराल."

फोन ठेवल्यावर नर्सबाईंनी मनगटाला पट्टी बांधली आणि माझ्याकडून ती गाठ दोनदा बांधून घेऊन दोनदा सोडली, खुर्चीच्या पायाला. म्हणाल्या, "पट्टी बांधायला उपयोगी नाही. पण चांगली आहे." मी चहा टाकू का विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांची मालिका लागायची वेळ झाली. दार लागलं. किल्ली मात्र त्या घेऊन गेल्या, ते बरं वाटलं.

त्या आठवड्यात मी जावक क्रमांक बेचाळीस लिहिला, 'जोडगाठ : एक दुरुस्ती'. आधीचे सातही लेख अर्धवट आहेत, उरलेला अर्धा माझ्या बायकोचा आहे, असं स्पष्ट लिहिलं. कोणी वाचलं नाही. गादीवाल्याने अंगठा दाखवला, पण तो सगळ्यालाच दाखवतो.

परवा पुन्हा लाइव्ह गेलो. तिचा फोन या वेळी बंद करून ठेवला होता. म्हटलं, आपणच आपल्याला किती दिवस बघत बसायचं? शून्य तर शून्य. केस विंचरले, खुर्ची पुढे घेतली आणि आकड्याकडे न बघता बोलत सुटलो. दहा मिनिटांनी नजर गेली तर कोपऱ्यात एक.

स्वयंपाकघरात जाऊन बघून आलो. फोन बंदच होता. हा एक खराखुरा होता. "नमस्कार," मी म्हणालो, "आपण जे कोणी असाल, आपले उपकार आहेत. आवाज नीट येतोय ना?"

आणि बेचाळीस लेख, सगळी लाइव्ह भाषणं आणि एका सुजलेल्या मनगटानंतर आमच्या पानावर पहिली आवक झाली.

"मी खालून. आवाज बंद करून बघतेय. वरून येतोच, गेले आठ महिने."