बापाचा आवाज ओळखणारं बाळ

"बाळाचे ठोके ऐकायला दवाखाना कशाला हवा? मी आहे ना!"

लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांनी हे जाहीर केलं आणि ठोके ऐकायचं छोटं मशीन ऑनलाइन मागवलंसुद्धा! नुसत्या खरखरीवरून ते स्पीकरचं दुखणं ओळखत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे वैतागून. आता बायकोचं पोट म्हणजे काय, जरा मोठा स्पीकरच की!

रोज दुकान बंद झालं की घरी कार्यक्रम सुरू. पोटावर थंडगार जेल आणि चेहऱ्यावर शास्त्रज्ञाचा भाव.

"अहो, गार लागतंय!"

"शू! आवाज तुटतो!"

"पाठ भरून आलीय हो. कुशीवर तरी वळू द्या."

"हलू नकोस! आणि बघ, बघ! आकडा चढला! मी बोललो की ठोके वाढतात. बापाचा आवाज ओळखतंय पोरगं!"

झालं! दुकानात माणूस बिघडलेला माइक घेऊन यायचा आणि जन्माला न आलेल्या बाळाच्या हुशारीवर व्याख्यान ऐकून जायचा. माइक राहायचा तसाच.

नववा महिना लागला. एका सकाळी बायको चहा न पिता नुसती बसून राहिली.

"अहो, बाळ नेहमीसारखं हलत नाहीये. मला भीती वाटतेय. दवाखान्यात जाऊ या."

"भीती कसली? मशीन कशासाठी आणलंय?" कानसेनांनी जेलची बाटली उघडलीसुद्धा. "हे बघ, एकशे पंधरा! ठणठणीत आहे!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आकडा आणखी चढला.

"बघ! आता तर अजूनच छान!"

बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या सासूबाईंनी पदर खोचला. "जावईबापू, तुम्ही त्या डबड्याचे ठोके ऐकत बसा. मी माझ्या लेकीला घेऊन चालले!"

तेव्हा कुठे कानसेन चपला शोधत, मशीन बगलेत मारून त्यांच्यामागे धावले.

दवाखान्यात सिस्टरनं बायकोच्या पोटावर पट्टा बांधला. खोलीत टपटप, टपटप असा भरधाव आवाज घुमला आणि सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. बायको तर हमसून हमसून रडली.

"ठोके चांगले आहेत," सिस्टर म्हणाली. "थोडा वेळ पट्टा राहू दे, मग डॉक्टर बघतील. हालचाल कमी वाटली की असंच तडक यायचं. घरी मशीन लावत बसायचं नाही."

"पण सिस्टर, हा आवाज वेगळाच आहे!" कानसेन म्हणाले. "आमच्या बाळाचा असा नाहीच! माझा कान चुकायचा नाही!" त्यांनी आपलं मशीन काढून नेहमीच्या जागी टेकवलं. "हा बघा आमचा!"

सिस्टरनं बायकोचं मनगट धरलं आणि क्षणभर ऐकलं. "कान चांगला आहे तुमचा. पण ही आईची नाडी आहे. इतके दिवस तुम्ही हिलाच ऐकताय."

"शक्यच नाही! मी बोललो की हे ठोके वाढतात! अहो, बाळ माझा आवाज ओळखतं, गल्लीत कुणालाही विचारा, मी रोज..."

पट्ट्याचं टपटप होतं तसंच चालू होतं. सिस्टरच्या बोटाखालची नाडी मात्र उधळली.

"आवाज ओळखलाय खरा," सिस्टर म्हणाली, "पण बाळानं नाही."

कानसेनांनी तोंड उघडलं. बायकोनं नुसतं बघितलं. त्यांनी मिटलं.

सिस्टरनं मनगट तसंच धरून घड्याळाकडे पाहिलं. "अरे वा! उतरायला लागली की!"