बाळगोंडासरांची अट

बाळगोंडा पाटील मुलगी बघायला बिद्रीला गेले आणि पोह्यांची बशी अर्धी टाकून उठून आले. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं, पोहेसुद्धा चांगले होते, हे ते स्वतःच सांगत. बिघडलं ते शेवटी. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "पावणं, आमची कसलीच अट न्हाय बघा."

"अट न्हाय?" सर मला सांगत होते. "आरं, साधी साखर पाण्यात विरघळायची तर तिलाबी अट असतीया. आणि हे पोरगी द्यायला निघाल्यात बिनअटीची! कायतरी गफलत हाय म्हटलं आणि टोपी घातली." सर बिनलग्नाचे राहिले ते असे.

सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे मुलांकडून प्रयोग करून घेणारे. मूळचे कोडोलीच्या शेतकरी जैन घरातले. कोल्हापुरात शाहूपुरीत आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. कोटाला ॲसिडची इतकी भोकं, की माझी आई त्याला चाळण म्हणे. "अट काय हाय?" हा त्यांचा साऱ्या जगाला एकच प्रश्न. गवळ्याने दूध ओतण्याआधी, न्हाव्याने वस्तरा उचलण्याआधी तो ठरलेला. होळीला आईने पुरणपोळीला बोलावलं तरी दारातून विचारत, "वहिनी, अट काय हाय?"

"हातपाय धुऊन या, ही अट," आई ठणकावून सांगे. मग सर अगदी खूश होऊन हात दोनदा धूत आणि पाच पोळ्या खात. नुसतंच "या हो जेवायला" म्हटलं, तर मात्र पोट बिघडल्याचं सांगून खोलीत बसत. हे काय गौडबंगाल आहे, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

प्रयोगशाळेत मात्र हा प्रश्न शोभून दिसे. ॲसिडमध्ये पाणी ओतायला निघालेल्याचा हात ते वरच्या वर धरत. "अट काय? पाण्यात ॲसिड, तेबी हळूहळू. उलटं केलंस तर तोंड भाजंल, मग तुला पोरगी कोण देतंय?" असं म्हणून स्वतःच मोठ्यांदा हसत.

त्यांचा जीव अडकला होता तो एम.एस्सी.त. बी.एस्सी.ला त्यांना पास क्लास मिळालेला, आणि पुढच्या प्रवेशाला सेकंड क्लास लागे. त्यात कोल्हापूर संस्थान विलीन झालं, आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठातून निघून पुणे विद्यापीठाला जोडलं गेलं, आणि नियमांचा असा काही गुंता झाला की कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. ते सगळे नियम सरांना तोंडपाठ. मी बी.एस्सी. झालो तेव्हा मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेलो.

"मुख्य विषय?"

"रसायन."

"दुय्यम?"

"पदार्थविज्ञान."

"इंटर मुंबईची, बी.एस्सी. पुण्याची. मग आता तू कुठला?"

"कोल्हापूरचा."

"तसं न्हवं रं! पेपर देऊन करणार का संशोधन करून? पेपर देणार तर इथं शिकवाय कोण न्हाय. संशोधन करणार तर मान्यता असलेला मार्गदर्शक पायजे. मार्गदर्शक हायत, त्यास्नी मान्यता न्हाय. मान्यता हाय ते पुण्यात हायत. पुण्यात जागा न्हाय. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो. घरी आईने विचारलं, "काय ठरलं?" तेव्हा मी बी.एस्सी. तरी झालोय का, याचीच मला शंका यायला लागली होती.

प्रयोगशाळेत खिडकीजवळचं एक टेबल सरांनी वर्षानुवर्षं रिकामं राखलं होतं. दर जूनमध्ये ते त्यावरच्या बाटल्या धूत, बर्नरची नळी बदलत. कुणी तिथे वही जरी ठेवली तरी ओरडत, "उचल! ती जागा एम.एस्सी.ची हाय." कुणाच्या एम.एस्सी.ची, ते विचारायची कुणाची छाती नव्हती आणि गरजही नव्हती.

आणि एके दिवशी आमच्या विभागाचे प्रमुख देवधर यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांना स्वतःला मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली होती. शिवाय नवा नियम आला होता: पास क्लास असला तरी चालेल, बरीच वर्षं डेमॉन्स्ट्रेटर असलं म्हणजे झालं. "पाटील, आता तुम्हाला काही अट उरली नाही," देवधर हसत म्हणाले. "अर्ज टाका."

मला वाटलं, सर नाचतील. सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

मी अर्ज दिला. सरांनी दिला नाही. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो, तर ते स्टोव्हवर चहा उकळत बसले होते आणि चहाची केव्हाच शाई झाली होती.

"सर, आज शेवटची तारीख."

"ठाव हाय की."

"मग?"

त्यांनी स्टोव्हला आणखी दोन पंप मारले. मग हळू आवाजात म्हणाले, "बापू, अट होती तवर बरं होतं. नियम आडवतोय म्हणत हुतो, लोकबी तेच म्हणत हुते. आता आडवाय कोणच न्हाय. आता न्हाय जमलं तर ते माझंच न्हाय जमलं." चहाचं भांडं खाली उतरवत म्हणाले, "बिद्रीची ती पोरगी लई चांगली हुती रं. तिनं नको म्हणायच्या आदी मीच उठलो."

  मला एकदम आईची पुरणपोळी आणि तिची हातपाय धुवायची अट आठवली.

"सर, देवधरांनी मला अट घातलीय," मी ठोकून दिलं. "खिडकीजवळच्या टेबलावर दोघं असतील तरच घेणार. एकट्याला नाही."

सरांनी मान वर केली. "अट हाय?"

"अगदी कडक."

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय, मर्दा!" त्यांनी स्टोव्ह विझवला, चाळण अंगात घातली, डोक्यावर टोपी ठेवली. आम्ही झपाझप कॉलेजच्या वाटेला लागलो. फाटकापाशी ते थांबले.

"बापू, मुंबईचे, पुण्याचे, सगळे नियम मला पाठ हायत. असली अट कशातच न्हाय."

माझी थाप उघडी पडली होती. "मग, सर?"

"मग काय? चल की," सर म्हणाले आणि माझा हात धरून आत शिरले.